बोटीत चालेल!

तांडेल फाटकातून आत शिरताना दिसले की आमच्या घरातलं पितळ माजघरात जातं. समई, पानाचा डबा, अडकित्ता, सगळं. दाराची कडी तेवढी नेता येत नाही, आणि तांडेलांचा डोळा नेमका तिच्यावरच असतो. चहा अर्धा ठेवून ते उठतात, कडी खालीवर करून बघतात, खिशातून लोहचुंबक काढून तिला लावतात. तो चिकटत नाही अशी खात्री झाली की परत येऊन बसतात आणि म्हणतात, "बोटीत चालेल."

हे गृहस्थ तुमच्याही ओळखीचे असणार. तुमच्या गावात ते जुनी जीप दुरुस्त करत असतील, नाही तर पडक्या विहिरीवरचा रहाट. आमच्या रत्नागिरीतल्यांनी बोट घेतली, एवढाच फरक. 'तांडेल' हे नाव आळीनं ठेवलेलं. बँकेतून निवृत्त झालेल्या या माणसाचा समुद्राशी आलेला संबंध म्हणजे जयगडहून तवसाळला जाणारी फेरीबोट. तेवढ्या काही मिनिटांत त्यांनी सकाळच्या आंबोळ्या खाडीला अर्पण केल्या होत्या. पोहता येत नाही. तो विषय काढला की शांतपणे सांगतात, "जोशुआ स्लोकमलाही येत नव्हतं. एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. 1895 ते 1898."

बोट म्हणजे भाट्याच्या खाडीकाठी कलंडून पडलेला 28 फुटी मचवा. मूळचा शिडाचा. पुढे कुणी तरी शीड उतरवून इंजिन बसवलं. मग फायबरच्या होड्या आल्या आणि मचवा माडाखाली पडला तो पडलाच. तांडेलांनी तो विकत घेतला, इंजिन उपटून काढलं, आणि 'पुन्हा शीड, वर केबिन, आत दोन माणसांची निजायची सोय, येत्या नारळी पौर्णिमेला पाण्यात' असं जाहीर केलं. त्याला सात नारळी पौर्णिमा झाल्या. स्लोकमनं शेतात पडलेली 'स्प्रे' तेरा महिन्यांत उभी केली, खर्च 553 डॉलर 62 सेंट, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं होतं. एकदा मी ते त्यांना परत ऐकवलं. म्हणाले, "त्याला मिस्त्रीची वाट बघावी लागली नाही."

खरं म्हणजे वाट मिस्त्रीच बघत असतो. एक कुजकी फळी काढली की शेजारच्या दोन आजारी निघतात. तळाच्या लाकडाची तर चाळण झालेली. मिस्त्री म्हणाला, किडा लागला. तांडेलांनी त्याला समजावलं, की लाकूड पोखरणारा तो प्राणी किडा नव्हेच, शिंपल्यांचा भाऊबंद आहे. मिस्त्री पटाशीवरची नजर न काढता म्हणाला, "मग बरोबर. घर भाऊबंदच खातात, सायब."

पण ही झाली बाहेरची कामं. तांडेलांचा जीव आत, केबिनमध्ये. आळीतल्या कुठल्याही घरात ते गेले की त्यांना माणसं दिसत नाहीत, सुटे भाग दिसतात. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आले, सलाइनच्या स्टँडला चुंबक लावला आणि नर्सला विचारलं, "हे तीनशे सोळा नंबरचं स्टेनलेस आहे का हो? खाऱ्या हवेला तेच टिकतं." मास्तर गेले तेव्हा दहाव्या दिवशी समाचाराला आले. बराच वेळ मान खाली घालून बसले. आम्हाला वाटलं, गहिवरले. मास्तरांच्या आरामखुर्चीच्या हातावरून हळूच हात फिरवत म्हणाले, "जुना साग आहे." पुढचे दोन शब्द त्यांनी गिळले, हे मी त्यांच्या सभ्यतेचं टोक समजतो. खुर्ची पंधराव्या दिवशी गेली.

कुणी हसलं की 'सुहैली' बाहेर येते. ही 32 फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968 च्या जूनमध्ये इंग्लंडहून निघाला आणि कुठंही न थांबता, एकटा, 312 दिवसांनी जगाला वळसा घालून परत आला. असं करणारा तो पहिलाच. वाटेत बोट गळायला लागली तर त्यानं भर समुद्रात बुडी मारली आणि कापूस शिवलेली कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी फटीवर ठोकली. हे सांगताना तांडेल खुर्चीतल्या खुर्चीत श्वास रोखतात. "मुंबईचे सुतार आणि साधा कापूस! आपल्या मिस्त्रीकडे काय वेगळं आहे?" वेगळं हे, की त्याच्याकडे तांडेल आहेत, पण ते कोण बोलणार?

माझा राग मात्र झोपाळ्याचा. हॉलमध्ये सोफा आला तेव्हा आम्ही झोपाळा काढला. तो भिंतीला टेकवायच्या आत तांडेल हजर. फळी आणि पितळी कड्या गेल्या. भंगारवाला निदान किलोवर पैसे देतो, यांनी वर ऐकवलं, "पाण्याखाली पितळ उपयोगाचं नाही. खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं. तुमच्या कड्या आत, केबिनमध्ये वापरीन." म्हणजे उपकार!

यंदा आमचंही घर पाडायचं ठरलं. नव्या फ्लॅटच्या गॅलरीत झोपाळा हवा, असं हिनं बजावलं. म्हणून वैशाखातल्या एका संध्याकाळी मी कड्या परत मागायला भाट्याला गेलो. काय बोलायचं ते वाटेत दोनदा घोकलं.

शिडीवरून चढलो, वाकून केबिनमध्ये शिरलो आणि उभाच राहिलो. समोर डॉक्टरांच्या दवाखान्याची रंगीत काचांची खिडकी. मास्तरांच्या खुर्चीचे हात शिडीला कठडा झालेले. पोस्टातल्या काकूंच्या फडताळात नकाशे. कुणाच्या माजघराचं कडीपाट, कुणाच्या देवघराची घंटा. यातलं एकही घर आता उभं नाही; तिथं पार्किंग आहे. तांडेल मात्र घरांच्या नावानंच बोलत होते. "हे वैद्यांकडचं. ही खुंटी गल्लीच्या टोकाची. गोडबोल्यांची घंटा जरा चिरकी वाजते, पण धुक्यात चालेल."

"बसा," ते म्हणाले. बसलो. खाली आमच्या झोपाळ्याची फळी होती. कोपऱ्यावर माझ्या लहानपणचा पेन्सिल-कटरचा ओरखडा. काही कळायच्या आत माझ्या पायानं जमिनीला रेटा दिला.

काही हललं नाही.

तांडेलांनी ते पाहिलं, पण पाहिलं नाहीसं केलं. बाहेर बघत म्हणाले, "कोरडी राहिली ना, की बोटीचे सांधे उघडतात. पाण्यात सोडल्यावर पहिले दोन दिवस गळणार. मग लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि आपापल्या फटी मिटवतं. घाबरायचं नाही."

कड्यांचं मी बोललोच नाही. उतरताना म्हटलं, "आमच्या ओटीच्या दाराची चौकट आहे. सोमवारी पाडायला माणसं येणार. फणसाची आहे. बोटीत चालेल?"

तांडेल विचारात पडले. सात वर्षांत प्रथमच.

"बघायला लागेल," ते म्हणाले, "वजन फार होतंय हो."

रविवारी सकाळी सातलाच हातगाडी दारात उभी होती.