योग्यता परीक्षा : केंद्र बेटेगाव

वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य आहे की नाही, म्हणजे व्यवहारात ज्याला 'फिटनेस' आणि गॅरेजांत नुसते 'पासिंग' म्हणतात, त्याचा कायदेशीर विचार १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात आणि त्याखालील १९८९ च्या केंद्रीय नियमांत झालेला असून, त्या विचारानुसार खाजगी मोटार जन्मतःच गुणी समजली जाते. कारखान्यातून बाहेर पडताना उत्पादक तिला 'नमुना २२' नावाचे प्रमाणपत्र देतो, ती रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याची ग्वाही त्यात असते, आणि त्यानंतर तिची नोंदणी पंधरा वर्षे बिनदिक्कत चालते. सोळाव्या वर्षात पाऊल टाकायचे झाले तरच नूतनीकरणासाठी तिला परिवहन निरीक्षकासमोर उभे राहावे लागते. भाड्याने धावणाऱ्या मोटारीवर शासनाचा एवढा विश्वास नाही, त्यामुळे ती आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासली जाते.

पेट्रोलच्या मोटारीला हा हिशेब मानवला, कारण पंधरा वर्षांत तिचे काय काय होणार हे निरीक्षकाला माहीत नसले तरी नाक्यावरच्या मिस्त्रीला माहीत होते. विजेच्या मोटारीने मात्र या व्यवस्थेत एक चमत्कारिक पोकळी निर्माण केली आहे. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली आणि तिच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर, हमी देण्यात आली. म्हणजे त्या पहिल्या तुकडीची हमी उशिरात उशिरा २०२८ मध्ये संपते आणि शासनाची पहिली परीक्षा २०३५ मध्ये येते. मधली सात वर्षे उत्पादक बांधील नाही आणि शासन विचारत नाही. पुढे २०२५ मध्ये याच कंपनीने काही मोटारींच्या बॅटरीला आजीवन हमी जाहीर केली, परंतु तेथे 'आजीवन' म्हणजे पंधरा वर्षे, आणि तीही पहिल्या मालकाच्या हाती असेपर्यंत. मोटार विकली की बॅटरीचे आयुष्य पुन्हा आठ वर्षांवर येते. मालक बदलल्याने आयुष्य घटण्याचा हा प्रकार रसायनशास्त्राच्या पुस्तकात अद्याप नोंदवला गेलेला नाही.

बेटेगाव हे या अभ्यासासाठी उत्तम केंद्र होय. पालघर जिल्ह्यात बोईसर-चिल्हार रस्त्यावर असलेल्या या गावाच्या एका अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, आणि बोईसरच्या पलीकडे समुद्राकाठी १९६९ पासूनचे, देशातील पहिले, अणुवीज केंद्र आहे, ज्याच्या म्हाताऱ्या अणुभट्ट्यांची सुरक्षा ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा तपासली जाते. वीज जिथे तयार होते ते यंत्र वारंवार तपासायचे आणि ती वीज साठवून माणसांसह धावणारे यंत्र पंधरा वर्षे तपासायचे नाही, हा भेद येथील रहिवाशांना विशेष जाणवत नाही, कारण त्यांची पार्किंगमधली पंधरा अँपिअरच्या सॉकेटची भांडणे अजून मिटलेली नाहीत. शिवाय विजेच्या मोटारीला धुराच्या तपासणीचे, म्हणजे पीयूसीचे, प्रमाणपत्र लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात पहिले आले होते हे लक्षात घेता, या परिसरात पीयूसी मोटारीऐवजी मोटार उभी करण्याच्या जागेलाच मागावी, असे एक मत मांडता येईल.

परीक्षांच्या शास्त्रात दोन संज्ञा वेगळ्या केल्या जातात. तीच परीक्षा पुन्हा घेतली असता तोच निकाल मिळणे ही तिची विश्वसनीयता, आणि जे मोजायचे ते खरोखर मोजले जाणे ही तिची सप्रमाणता. शासकीय तपासणीत ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, हॉर्न, वायपर यांची परीक्षा होते आणि ती योग्यच आहे, पण बॅटरीत किती जीव शिल्लक आहे हा प्रश्नच प्रश्नपत्रिकेत नाही. म्हणून वापरलेली विजेची मोटार घेताना परीक्षकाचे पद रिकामे राहते, आणि महाराष्ट्रात रिकामे राहिलेले कोणतेही पद तात्काळ मामा भरून काढतात.

हे मामा बहुधा वसाहतीतील एखाद्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले असतात आणि रविवारी सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन हजर होतात. या हत्याराचे टोक चालू इंजिनला टेकवून मूठ कानाला लावली असता बेअरिंगची खरखर आणि टॅपेटची टिकटिक नेमकी कुठून येते ते कळते, ही विद्या खरी आहे आणि तिने अनेक भाच्यांचे पैसे वाचवले आहेत. विजेच्या मोटारीचे बॉनेट उघडल्यावर मात्र मामांना काळी झाकणे आणि नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतात, आणि नारिंगी तार म्हणजे उच्च दाबाची वीज असल्याने तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवण्यास भाचा मनाई करतो. ऑइल बोटावर घेऊन पाहावे तर ऑइलची काडी नाही, सायलेन्सरला रुमाल धरावा तर सायलेन्सर नाही.

"इंजिन कुठंय?"

"मामा, इंजिन नसतंच हिला."

"मग पासिंग कशाचं करतात?"

या प्रश्नाला परिवहन खात्यानेही अद्याप पुरेसे उत्तर दिलेले नाही. मामांचा निकाल शेवटी "चालतेय, पण काहीतरी आहे" असा लागतो. मारुती आठशेच्या काळापासून त्यांनी प्रत्येक मोटारीला हाच निकाल दिलेला असल्यामुळे, शास्त्रीय व्याख्येनुसार त्यांची विश्वसनीयता शंभर टक्के भरते. सप्रमाणतेचा विचार मामी करतात, तो पुढे येईल.

विक्रेत्याची साक्ष थोडक्यात आटोपता येते. मोटार एकहाती असते, डॉक्टरांची असते आणि घर ते दवाखाना एवढीच फिरलेली असते. डॉक्टरांच्या म्हणून जितक्या मोटारी या जिल्ह्यात विकल्या जातात तितके डॉक्टर जिल्ह्यात असते, तर जव्हार-मोखाड्याच्या आरोग्याचा प्रश्न कधीच सुटला असता.

त्यानंतर भाच्याचा मित्र येतो, स्टिअरिंगखालच्या तपासणी-खोबणीत एक छोटे यंत्र खुपसतो आणि मोबाइलवर 'एसओएच ९४' असा आकडा दाखवतो. एसओएच म्हणजे बॅटरीचे स्वास्थ्य, अर्थात नवी असताना ती जितकी वीज साठवत होती त्याच्या किती टक्के आज साठवते याचे मान. हा आकडा कोणी मोजलेला नसतो. मोटारीतील नियंत्रक संगणक दाब, प्रवाह आणि तापमान यांवरून त्याचा अंदाज बांधतो, आणि बरेच दिवस पूर्ण चार्ज केलेले नसेल तर तो अंदाज भरकटतो. ज्याची परीक्षा तोच परीक्षक, अशी ही सोय आहे. त्याच वेळी मोटार अचानक मुकी होते, पडदा काळा पडतो आणि मित्राचे तोंड उतरते; दोष बहुधा मोठ्या बॅटरीचा नसून बारा व्होल्टच्या जुन्या धाटणीच्या छोट्या बॅटरीचा असतो, कारण मोठ्या बॅटरीला मोटारीशी जोडणारा विद्युतसंपर्क हीच छोटी बॅटरी जुळवते, आणि साहेब आत कितीही तरतरीत बसलेले असले तरी किल्ली असलेला शिपाई रजेवर असेल तर कचेरी उघडत नाही.

जर्मनीत असा गोंधळ कमी होतो, कारण तेथे खाजगी मोटारही तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी तपासली जाते. त्या तपासण्यांवर आधारित ट्यूफ या संस्थेच्या २०२५ च्या अहवालात दोन-तीन वर्षे वयाच्या मोटारींमध्ये टेस्ला मॉडेल ३ शेवटच्या क्रमांकावर आली आणि तिच्यातील १४.२ टक्के मोटारींत लक्षणीय दोष आढळले. गंमत अशी की तक्रारी बॅटरीच्या नव्हत्या, ब्रेक, दिवे आणि चाकांच्या सांध्यांच्या होत्या. विजेची मोटार वेग कमी करताना मोटरलाच जनित्र बनवून वीज परत मिळवते, त्यामुळे लोखंडी ब्रेक-चकत्या क्वचितच घासल्या जातात आणि न वापरल्यामुळे गंजतात. तारापूरची खारी हवा, वसाहतीची वाफ आणि पालघरचा पाऊस यांनी या कामी जर्मनीला केव्हाच मागे टाकले असणार. म्हणून चाकाच्या फटीतून चकती पाहावी आणि मोटार रॅम्पवर चढवून बॅटरीच्या पेटीचा तळही पाहावा. एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारी पेटी ही चाचणीत नवी असते, चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या ट्रेलरमागून पावसाळ्यातले खड्डे खाऊन आलेली नसते.

मामींची परीक्षा सर्वांत साधी. डहाणूच्या महालक्ष्मीला पाच माणसे, ओटीचे सामान आणि एसी चालू, असे जाऊन चार्ज न करता परत यायचे, एवढीच तिची अट असते. यातले शास्त्र असे की जाऊन-येऊन समजा सत्तर किलोमीटर झाले आणि मोटार एका युनिटला सात किलोमीटर जाते असे धरले, तर दहा युनिटे खर्च झाली, पहिल्या नेक्सॉनच्या ३०.२ युनिटांच्या नव्या बॅटरीतून ती तेहतीस टक्क्यांना पडतात, पण पडद्यावर चाळीस टक्के उतरलेले दिसले तर बॅटरी पंचवीस युनिटांचीच उरली आहे आणि मित्राच्या मोबाइलवरचे चौऱ्याण्णव हे सौजन्य होते. सौदा त्या फरकाएवढा खाली येतो. विकणारा नोंदणीकृत व्यापारी असेल तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी बसतो, नव्या विजेच्या मोटारीवर ५ टक्केच, आणि या विसंगतीवर विक्रेता बराच वेळ बोलतो. ते बोलणे ऐकून घ्यावे, पण किंमत वाढवू नये.

मालकी हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या होतात, एमएच ४८ ची हिरवी पाटी नव्या दारी येते, आणि पेढे वाटले जात असताना मामा बॉनेटपाशी उभे राहून म्हणतात, "एकदा उघडा बरं, आवाज नेमका कुठून येत नाही ते बघू."