टाळू जिरायती, केस बागायती

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत ज्याला डोकं आहे, त्याला डोक्यावरचा इलाजही ठाऊक आहे. पाऊस कधी पडेल हे हवामान खात्याला विचारावं लागतं. उसाला काय भाव मिळेल हे कारखान्याला विचारावं लागतं, आणि त्याआधी कारखाना यंदा सुरू होणार का, तेही विचारावं लागतं. कोंड्याचं मात्र कुणाला काही विचारावं लागत नाही. उत्तर न विचारताच येतं, आणि ते एकच असतं: तेल लाव.

लक्षणं गावोगाव सारखी. केस इतके चोपडे की कंगवा भांगात न थांबता थेट मानेवर येतो. टाळूला खाज अशी की ग्रामसभेत खाजवायला हात वर केला, तर ठरावाला अनुमोदक म्हणून नाव लिहिलं जातं. एकाच डोक्यावर वर मांडवगण फराट्याचा बागायती पट्टा आणि खाली पाबळ-केंदूरचं जिरायत. असं चित्र दिसलं की आपल्याकडच्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. कोरडं आहे ना? मग सोडा आवर्तन.

शिरूरच्या कुठल्याही सलूनच्या खुर्चीत बसा, हेच ऐकाल.

"अण्णा, टाळू लई कोरडी पडलीय. नुसता भुसा निघतोय."

"मग काय करू?"

"तेल जिरवा."

"परवाच जिरवलं की."

"कमी पडलं असंल."

कमी पडलं असेल! या तीन शब्दांवर आपल्या भागाचा निम्मा कारभार चालतो. रस्ता उखडला, खडी कमी पडली असेल. टँकर आला तरी हंडा रिकामा, टँकर कमी पडला असेल. जे आधीच जास्त झालंय ते कमी पडलं असेल, अशी शंका घेण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

तेलाची आपली निष्ठा बघायची असेल तर दौंड जंक्शनवर, किंवा गाडी जिथे वेळेवर येत नाही अशा कुठल्याही ठिकाणी, बाकामागची भिंत बघा. बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ओळीने तपकिरी गोल उमटलेले असतात, आसनागणिक एक. भिंतीला रंग दिला की काही दिवसांत ते पुन्हा उगवतात. घरी खुंटीवरची गांधी टोपी उलटी करून बघा, आतली कड चहाच्या रंगाची झालेली असते. एवढं तेल पिऊनही टाळू 'कोरडी'च राहते, याचा संशय कुणालाच कसा येत नाही?

गंमत म्हणजे उत्तर याच अण्णांना ठाऊक आहे. त्यांना डोक्याचं न विचारता रानाचं विचारा. "अण्णा, नदीकाठच्या उसाच्या रानावर पांढरं पांढरं काय दिसतंय?" अण्णा लगेच सांगतील, "मीठ फुटलंय. पाणी जास्त झालं. चर काढल्याबिगर जमीन सुधारायची न्हाई." शेजारी बारामतीकडे निरा डाव्या कालव्याखालच्या जमिनी इंग्रजांच्या काळातच पाण्याने खारावल्या होत्या, तेव्हापासून हे शहाणपण या मुलखात पाठ आहे. रानावर पांढरं दिसलं तर पाणी बंद करायचं, हे ज्याला शेंबडा असताना कळलं, तोच माणूस डोक्यावर पांढरं दिसलं की बाटली उपडी करतो. रानाच्या बाबतीत कृषी पदवीधर, डोक्याच्या बाबतीत पुढारी.

तर प्रकरण असं आहे. प्रत्येकाच्या टाळूवर मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी राहते. मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये कोंड्यात तिचे बीजाणू पाहिले, म्हणून पुढे तिला त्याचं नाव मिळालं. ही बाई स्निग्धावर जगते. टाळूच्या ग्रंथींतून जे तेल पाझरतं ते ती फोडते, त्यातून ओलेइक आम्लासारखी द्रव्यं सुटतात, ती काहींच्या कातडीला झोंबतात. कातडी चिडते, खाज सुटते आणि पेशी घाईघाईने पापुद्रे टाकत सुटतात. हाच कोंडा. म्हणजे तुम्ही ज्याला दुष्काळ समजत होता ती अतिवृष्टी निघाली. म्हणूनच कोंडा असताना टाळूत तेल मुरवू नका, असं त्वचारोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडतात. ते आपण ऐकतो, फक्त ओरडून कोरड पडली असेल म्हणून त्यांच्याही टाळूला तेल सुचवतो.

खोबरेल तेल खायचं की डोक्याला लावायचं, हा वाद देशात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कराचा प्रश्न होता. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये तिघांच्या पीठाने सांगितलं की, लहान बाटलीत भरलं म्हणून ते केशतेल होत नाही, खाद्यतेल म्हणूनही त्याची गणना होऊ शकते. आपल्याकडे भजी शेंगदाणा तेलात तळतात, त्यामुळे निकाल ऐकून लोक चक्रावले. टाळूवरच्या बुरशीला मात्र काहीच नवल वाटलं नसणार. तेल हे खाद्यच असतं, याबद्दल तिच्या मनात कधी शंकाच नव्हती.

पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेल आणि शाम्पू या दोन्हींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कोंड्याला खाऊ घालणारं आणि कोंडा धुणारं, दोन्ही एकाच दिवशी स्वस्त. समतोल विकास म्हणतात तो हाच.

सगळा दोष तेलावर टाकणं मात्र अन्यायाचं होईल. पाण्याचाही वाटा आहे. काळ्या पाषाणातून वर आलेलं अनेक बोअरचं पाणी जड असतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या कॉइलवर चुन्याचा अंगरखा चढतो. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. आपल्याकडे 'दुसरी सोयच नसेल तर' हे कलम जन्मापासून लागू आहे. अशा पाण्यात अंगाचाच साबण डोक्याला फासला की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याचं न विरघळणारं लुकण बनतं आणि केसांवर बसतं. माणूस म्हणतो, धुऊनही केस चिकट. मग? मग तेल. शाम्पूचं असं लुकण होत नाही, पण तो 'केमिकल' असतो. साबण बहुधा झाडाला लागत असावा.

नदीकाठचे म्हणतील, आम्हाला बोअरची गरजच काय? त्यांचं वेगळंच आहे. वाळकीच्या संगमावर मुळा-मुठा भीमेला मिळते आणि येताना पुण्याचं सांडपाणी घेऊन येते. अख्ख्या पुण्याने डोकं धुतल्यावर उरलेला फेस आपल्याला घरबसल्या मिळतो, तोही फुकट. तरी पुण्याचे पाहुणे आले की विचारतात, "इकडे शाम्पू मिळतो का हो?"

हिवाळ्यात खरोखर कोरडी पडलेली टाळूही असते, हे कबूल. पहाटे बंबातलं वाफाळतं पाणी थेट डोक्यावर ओतलं की ती होणारच. तिचा भुसा बारीक आणि सुटा असतो, हातापायांची कातडीही तेव्हा उललेली असते. कोंड्याचे पापुद्रे मोठे, पिवळट, बोटाला चिकटणारे. एवढी पारख ज्वारीच्या कणसाची करता, तेवढी स्वतःच्या डोक्याची करायला हरकत नाही.

इलाज मेडिकलमध्ये आहे: केटोकोनॅझोलचा २ टक्क्यांचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. अट एकच, फेस पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा. इथे घोडं अडतं. थंडीत रात्रभर उसाला दारं धरणाऱ्या माणसाला पाच मिनिटं डोकं धरवत नाही. तो अर्ध्या मिनिटात तांब्या ओततो आणि बाहेर येऊन जाहीर करतो, "काय गुण न्हाई त्याचा." मग मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय आणतो. तिने खाज दोन दिवसांत बसते आणि सोडली की व्याजासकट परत येते.

म्हणून लोकहितार्थ पुढील आवर्तन जाहीर करण्यात येत आहे. शाम्पू आठवड्यातून दोन पाळ्या, प्रत्येक पाळी पाच मिनिटं, पाणी कोमट. बोअर जड असेल तर शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा. तेल बंद नाही, कारण धुण्याआधी केसांना लावलेलं खोबरेल केसांतलं प्रथिन टिकवतं, हे २००३ मध्येच संशोधनात दिसलं आहे. मात्र ते केसांच्या लांबीला लावायचं आणि तासाभराने धुऊन टाकायचं, टाळू हे लाभक्षेत्रात येत नाही. महिनाभरात फरक नसेल, जाड चंदेरी खपल्या धरल्या असतील, पाणी सुटत असेल किंवा केस चकत्यांनी जात असतील, तर सलूनच्या खुर्चीतून उठून डॉक्टरच्या खुर्चीत बसायचं. हरकती असतील त्यांनी लेखी द्याव्यात. हात वर करून हरकत घेतल्यास ती खाज समजण्यात येईल.