वाढत्या अंगाचं

आमच्या आईनं शिंप्याला माझं माप कधीच दिलं नाही. ती द्यायची ते दोन वर्षांनी मी जो होणार होतो त्याचं. शिंपीअण्णा टेप घेऊन माझ्या कमरेशी वाकले की तिचं सुरू व्हायचं, "अण्णा, वाढत्या अंगाचं शिवा बरं का. सातवीपतोर गेलं पायजे."

"वैनी, पोरगं वाढंल तवा वाढंल. आज शाळंत जाईस्तवर चड्डी कमरंवर ऱ्हायला नको का?"

त्यावर आईकडं एका शब्दाचं उत्तर तयार असायचं : "करगोटा!"

तर खाकी चड्डी, पांढरा सदरा आणि काळा करगोटा असा माझा तीन नगांचा गणवेश होता. पैकी तिसरा शाळेच्या नियमात नव्हता, पण सगळी शिस्त त्याच्यावर तोललेली होती. दरवर्षी जूनमध्ये चड्डीची दुमड एक बोट उसवली जायची. वरचं कापड धुऊन धुऊन बिस्किटाच्या रंगाचं झालेलं आणि खालून निघणारा पट्टा कोरा, गडद खाकी. झाडाचा बुंधा कापून वय मोजतात म्हणे. आमची इयत्ता चड्डीच्या काठावर मोजता यायची. ज्या महिन्यात चड्डी अखेर मापात बसली, त्याच महिन्यात ती मागून फाटली.

हे सगळं खंडाळ्यातलं. पण हे खंडाळा म्हणजे घाट, धुकं आणि चिक्कीवालं नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडं येताना शिरवळच्या पुढं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी लागतं ते आमचं. सिनेमातल्या गाण्यानं त्या खंडाळ्याचं नाव देशभर केलं तेव्हा आम्हीही कॉलर ताठ करून घेतली होती. पाहुणे निराश व्हायचे, त्याला आमचा इलाज नव्हता.

कॉलर ताठ करणं हा मात्र गुन्हा होता. सगळे सारखे दिसावेत, गरीब-श्रीमंत कळू नये म्हणून गणवेश, असं प्रार्थनेनंतर आम्हाला सांगितलं जायचं. कळायचं सगळं. टेरिकॉटचा सदरा सरपंचांच्या घरचा, मांजरपाटाचा आमचा. कडक इस्त्री म्हणजे बाप नोकरीला, तांब्यात निखारे घालून केलेली इस्त्री म्हणजे आई हौशी, आणि रात्रभर गादीखाली दाबलेली घडी म्हणजे आम्ही. एवढ्या सारखेपणातून जी फट उरायची तिथून प्रत्येकजण आपापलं डोकं बाहेर काढायचा. कोणी बाही दोन घड्या वर चढवायचा, कोणी वरचं बटण उघडं टाकायचा, कोणी गळ्याला रुमाल. मुलींना दोन वेण्या, वर बांधलेल्या, तांबड्या रिबिनी, असा हुकूम. पण त्या रिबिनीचं फूल केवढं काढायचं हे हुकुमात नव्हतं. आमच्या वर्गातल्या एकीच्या कानांवर रोज दोन कोबीचे गड्डे बसलेले असायचे आणि मागच्या बाकावरून फळा दिसायचा नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द मला पुढं फार उशिरा भेटला. भेटला तेव्हा डोळ्यांसमोर ते गड्डेच आले.

केसांचं मात्र गुरुजींकडं खातं होतं. कानावर केस आले की कात्रीनं एक बट मधूनच उडवायची. उरलेलं काम घाबरून न्हाव्याकडं जायचं. सरकारनं इतकी स्वस्त योजना पुन्हा काढली नाही.

गणवेशातून सुटका वाढदिवशी. त्या दिवशी रंगीत कपडे चालायचे. माझ्या शेजारी बसणारा एक पोरगा वाढदिवसालाही गणवेशातच आला. मी विचारलं तर म्हणाला, "आज धुतलेला हाय." लग्नालाही तो त्यातच यायचा, कारण त्याच्या घरात तेवढा एकच कपडा लोकांसमोर जायच्या लायकीचा होता. गणवेश म्हणजे जाच, असं कोणी म्हणायला लागलं की मला तो आठवतो आणि माझी बाजू थोडी डळमळते.

फुकट गणवेशाची गंमत त्याहून वेगळी. सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलींना तो मिळायचा. मुलग्यांत मात्र मागासवर्गीय आणि दारिद्र्यरेषेखालच्यांनाच. म्हणजे गरिबी झाकायला दिलेला नवाकोरा सदराच वर्गात बोट दाखवून सांगायचा की हा गरीब. 2023-24 पासून राज्यानं उरलेल्या मुलग्यांनाही गणवेश देऊन ती भानगड मिटवली.

मिटवली आणि नवी उकरली. ‘एक राज्य, एक गणवेश’! खंडाळ्यापासून गडचिरोलीपर्यंत आकाशी सदरा, गडद निळी पँट. आधी शाळा व्यवस्थापन समितीला एका गणवेशाचे 300, दोन गणवेशांचे 600 रुपये मिळायचे आणि गावातच काय ते व्हायचं. 2024-25 ला कापड वरून आलं, शिलाई महिला बचतगटांकडं गेली. त्या वर्षी गणवेश उशिरा आले, मापात बसेनात, अशा तक्रारी राज्यभरातून छापून आल्या. डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि कारभार पुन्हा शाळा समित्यांकडं दिला. शिवणाऱ्या बायांना मी दोष देणार नाही. पोर समोर उभं केल्याशिवाय माप कसं घेणार? आमच्या अण्णांसमोर मी स्वतः उभा असायचो, तरी काय झालं ते वर सांगितलंच आहे.

पोरांचं हे चाललेलं असतानाच गुरुजींचीही वेळ भरली. मार्च 2024 मध्ये शिक्षकांच्या पेहरावाचा आदेश निघाला : जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक आणि नक्षीचं नको, बाईंनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा, गुरुजींनी शर्ट-पँट, आणि शर्ट खोचलेला. नावाआधी डॉक्टर लावतात तसं इंग्रजीत ‘टीआर’ आणि मराठीत ‘टि’ लावायचं. माझा मावसभाऊ प्राथमिक शिक्षक आहे. तो आरशासमोर उभा राहून श्वास आत ओढत म्हणाला, "दादा, वीस वर्सं ह्ये पोट शर्टाखाली सुखानं नांदत हुतं. आता जीआर काढून उघड्यावर आणलं." वहिनी आतून म्हणाल्या, "टि गुरुजी, चहा झालाय."

"मग निषेध करा की," मी म्हणालो.

"करू की. काळ्या फिती लावून काम!"

त्या काळ्या फितीवरून मला अमेरिकेतली एक तेरा वर्षांची पोरगी आठवली. 1965 साली आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात मेरी बेथ टिंकर व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. शाळेनं घरी पाठवलं, प्रकरण थेट त्यांच्या सुप्रीम कोर्टात. 1969 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ती जिंकली. शाळेच्या दारात विद्यार्थी आपलं स्वातंत्र्य काढून ठेवून आत येत नाही, असा एकूण निकाल. मावसभावानं हे सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "आमच्या वर्गात कुणी काळी फीत बांधून आलं तर आधी इचारीन, घरी कोण गेलं?" आपल्याकडं फीत हा गुरुजींचाच दागिना, पोरांनी बांधायची ती रिबिन.

आमच्या तालुक्यात पोरींना गणवेशातून अधिकृत मोकळीक मिळते ती 3 जानेवारीला. सावित्रीबाई फुले आमच्याच तालुक्यातल्या नायगावच्या. जन्म 1831 चा. त्या दिवशी नायगावला माणसांची रीघ लागते आणि शाळाशाळांतून वेशभूषा स्पर्धा. हवं ते रूप घ्या म्हटल्यावर तीसच्या तीस पोरी नऊवारी, आडवं कुंकू आणि हातात पुस्तक घेऊन सावित्रीबाई होतात. एवढा एकसारखा गणवेश कुठल्याच आदेशाला जमलेला नाही.

गेल्या खेपेला पुतणी चौथीत. वहिनींनी स्वतःची साडी तिच्याभोवती गुंडाळली, सतरा पिना टोचल्या, उरलेलं कापड पोटाशी खोचलं. मी म्हणालो, "वाढत्या अंगाची दिसतीय." पोरीनं दुर्लक्ष केलं.

"आई, दुसरी साडी कुठाय?"

"दुसरी कशाला?"

"बाई म्हणल्या, सावित्रीबाई शाळेत जाताना पिशवीत दुसरी साडी न्यायच्या. लोक चिखल, शेण टाकायचे ना अंगावर. शाळेत गेलं की बदलायच्या."

वहिनींनी कपाट उघडलं, मिटलं. दुसरी नऊवारी घरात नव्हती. शेवटी पोरीनंच दोरीवरचा गणवेश ओढला, त्याची गुंडाळी पिशवीत कोंबली आणि पिना सांभाळत, बदकासारखी चालत निघाली.

दुपारी परत आली ती पळत. अंगावर गणवेश, केसांपासून मोज्यांपर्यंत धुळीनं माखलेली, एक गुडघा फुटलेला. बक्षीस मिळालं नव्हतं. स्पर्धेनंतर मुलांविरुद्ध खो-खो झाला होता, तो जिंकला होता. वहिनींनी काळजीनं पिशवीत हात घातला. साडी आत नीट चौपदरी घडीत होती, सतरा पिना एका बाजूला, आणि साडीला कुठंही डाग नव्हता.