डुलालीचा ‘ताप’

उज्जैनच्या रामघाटावर नावाडी यात्रेकरूंना क्षिप्रेपलीकडचा दत्त आखाडा दाखवताना ‘देखो’ म्हणतो. हाच ‘देखो’ इंग्रजांच्या बोलीत ‘डेको’ झालाय. ‘हॅव अ डेको’, म्हणजे जरा नजर टाक. अस्सल गोष्ट ‘पक्का’, बिनकष्टाची नोकरी ‘कुशी’ (मूळ खुशी), आणि घरापासून दूर असलेल्या सैनिकाचा मायदेश ‘ब्लायटी’, म्हणजे आपली विलायत! हे शब्द पंडितांनी नेले नाहीत. बराकीत धोबी, भिस्ती, खानसामा यांच्याशी मोडकंतोडकं बोलणाऱ्या साध्या शिपायांनी नेले. आपली मुलं वेबमालिका बघून हीच बोली ‘ब्रिटिश’ म्हणून मिरवतात. मिरवा, पण मूळ गाव ठाऊक असू द्या.

एक गाव तर आपलंच. उज्जैनसारखाच सिंहस्थ भरवणाऱ्या नाशिकच्या शेजारची देवळाली. तिच्यावरून इंग्रजीत ‘डुलाली’ आला: डोकं ठिकाणावर नसलेला. 1861 पासून तिथे गोऱ्या फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे थांबत. बोटी हिवाळ्याच्या हंगामात सुटायच्या. हंगाम हुकला तर महिनोन्‌महिने मुक्काम. हाताला काम नाही, वर ऊन, हिवताप, दारू. काहींचं मन खचलं, काहींचं सुटलं. फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने 1936 च्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’मध्ये हे लिहून ठेवलंय.

शिपाई या अवस्थेला ‘डुलाली टॅप’ म्हणत. ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे शब्दाचं शेपूट गळलं. ताप गेला, त्याबरोबर आजारही विसरला गेला आणि थट्टा तेवढी उरली. 1974 साली बीबीसीने देवळालीच्या छावणीत घडणारी विनोदी मालिका सुरू केली, ती 1981 पर्यंत चालली. हसणाऱ्यांपैकी कितीजणांच्या पणजोबांनी त्या छावणीत बोटीची वाट बघितली असेल?

ते शिपाई राज्य करायला आले होते, हे मी विसरत नाही. तरी घरी जायचं म्हणून गाठोडं बांधून बसलेला, तापाने फणफणलेला विशीतला पोरगा मला थट्टेचा विषय वाटत नाही. मराठी गावाचं नाव जगभर वेडाला चिकटावं, हेही खुपतं. रेल्वेने देवळाली स्टेशनावर या शब्दाची हकिगत सांगणारा फलक लावावा, मराठीत आणि इंग्रजीत, ‘ताप’ न गाळता.