लग्नाच्या फुटेजची रीतसर वाटणी

लग्न लागतं अर्ध्या मिनिटात, त्याचं शूटिंग मात्र दिवसभर चालतं. फोर-केमध्ये १०० एमबीपीएसने घेतलं तर तासाला ४५ जीबी. कॅमेरे दोन, हळदीपासून पाठवणीपर्यंत. पुढचा गुणाकार ज्याचा त्याने करावा. एवढी इस्टेट एकाच टाइमलाइनवर ओतली की घराण्यात आणि संगणकात एकदमच बेबनाव होतो. म्हणून वाटणी.

मूळ फाइलींना हात लावू नये. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती काढाव्यात आणि घरच्यांना एकीचाच पत्ता द्यावा.

मग नावं. कॅमेऱ्याला मुंज आणि लग्न सारखंच. गोप्रो तर लांब रेकॉर्डिंगचे स्वतःच तुकडे पाडतो: जीएच०१००३४, जीएच०२००३४. यात पहिले दोन आकडे तुकड्याचे, शेवटचे चार रेकॉर्डिंगचे. फोल्डर नावानुसार लावलं की सगळ्या रेकॉर्डिंगांचे पहिले तुकडे आधी येतात, दुसरे मागाहून. परिणामी नवरानवरी सप्तपदीची चार पावलं चालतात, पंगतीत जेवून येतात आणि उरलेली तीन टाकतात. भटजींची हरकत नसेल तर आपलीही नसावी. असेल तर फाइली शेवटच्या चार आकड्यांवरून लावाव्यात.

सीमांतपूजन, हळद, लग्न, पंगत, पाठवणी असे फोल्डर करावेत. वरपक्ष-वधूपक्ष असे चुकूनही करू नयेत. केलेच तर दोन्हींचे जीबी सारखे ठेवावेत. विहीणबाई राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघतात.

आता प्रत्यक्ष कात्री. शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो आणि नेमके तेव्हाच एक काका अक्षता टाकायला कॅमेऱ्यापुढे उभे राहतात. ऑटोफोकस ताबडतोब त्यांच्या सफारीच्या शिलाईवर जाऊन बसतो. अशा वेळी दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यावं. वाजंत्री फुटते तिथे दोन्ही आवाजांच्या पट्ट्यांत एकदम उंचवटा येतो. ते उंचवटे जुळवले की कॅमेरे जुळतात. चित्र हवं तिथे कापावं, आवाज मात्र सलग ठेवावा, कारण मंगलाष्टकाचं एक कडवं आत्याने स्वतः रचलेलं असतं. काकांची क्लिप पुसू नये. पुढच्या वर्षी त्यांच्याकडेच कार्य निघतं.

पुन्हा एन्कोड न करता नुसते तुकडे पाडायचे तर एफएफएमपेग आहे. झटपट काम, दर्जा जातोय ही तक्रार नाही. फक्त तो की-फ्रेमवरूनच सुटतो. तुम्ही मंगळसूत्रापासून सांगा, तो त्याआधी भटजी चष्मा पुसतात तिथून सुरू करणार.

प्रोजेक्ट तीन करावेत. मैत्रिणींसाठी उभा रील. त्यात नातेवाईक नकोत. अमेरिकेतल्या भावासाठी वीस मिनिटांचं. त्यात तोंडी लावण्यापुरते. आजीसाठी तीन तासांचं; त्यात फक्त नातेवाईक.

स्टेजवरच्या आहेराच्या रांगेत मात्र एक सेकंदही कापू नये. कंटाळून हे फुटेज उडवणारे संपादक पुढे फार पस्तावतात. एकेक जोडपं, एकेक पाकीट, वेळेसकट नाव देऊन स्वतंत्र क्लिप करावी. दोन-तीन वर्षांनी रात्री साडेदहाला फोन येतो: ‘झोपला नाहीस ना रे? शेजारच्या वहिनींनी आपल्याकडे पाकीट दिलं होतं, की नुसता टॉवेल? उद्या त्यांच्याकडे साखरपुडा आहे.’