चूक त्यांची, हप्ता तिचा

ब्रिटनमधली टॅक्स क्रेडिट योजना ५ एप्रिल २०२५ रोजी बंद झाली. वसुली बंद झालेली नाही. कित्येक वर्षांपूर्वीच्या क्रेडिटची बाकी आजही कुणाच्या तरी महिन्याच्या मदतीतून कापली जाते आहे. जिच्या पैशातून ती कापली जाते ती बाई एकच गोष्ट विचारते : मी तर सगळं कळवलं होतं, मग हे माझ्या माथी का?

तिला सरळ उत्तर मिळत नाही, म्हणून हा विषय घेतला.

गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना एप्रिल २००३ मध्ये ही योजना आली. मुलांसाठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट, तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्यांसाठी वर्किंग टॅक्स क्रेडिट. नावात टॅक्स असला तरी करात सूट देण्यापुरतं हे नव्हतं. दर आठवड्याला किंवा दर चार आठवड्यांनी थेट बँकेत पैसे जमा होत. हेतू चांगला होता आणि पैसा गरजू घरांत गेला, हे मी मनापासून मान्य करते. माझा राग आहे तो हिशेबाच्या रीतीवर.

रीत अशी. यंदाचं क्रेडिट आधी गेल्या वर्षीच्या कमाईवरून ठरवायचं, वर्षभर वाटायचं, आणि वर्ष संपलं की खऱ्या कमाईशी ताळा करायचा. कमाई वाढली तर त्यातले पहिले २,५०० पौंड माफ. पुढच्या प्रत्येक पौंडामागे सुरुवातीच्या काळात ३७ पेन्स क्रेडिट कमी. आता समजा, एखाद्या बाईनं मुलाला शेजारणीकडे ठेवून ओव्हरटाइम केला आणि वर्षाला ४,००० पौंड जास्त कमावले. २,५०० वजा केले, उरले १,५००. त्याचे ३७ टक्के म्हणजे ५५५ पौंड. एवढे तिला ‘जास्त’ मिळाले, ते परत हवेत. तिनं काही लपवलेलं नाही, खोटं सांगितलेलं नाही. ती जास्त राबली, एवढंच. आणि ते पैसे तर केव्हाच भाड्यात, बुटांत, हीटरच्या बिलात गेलेले.

पहिल्याच वर्षी, २००३-०४ मध्ये, सुमारे १९ लाख घरांना जास्त पैसे गेले. रक्कम २ अब्ज पौंडांच्या आसपास. दर तीन घरांमागे एक घर! वर्गातली दर तिसरी पोर नापास झाली तर आपण पोरींना नाही, मास्तरांना जाब विचारतो. इथे वसुलीची पत्रं पोरींच्या घरी गेली.

संगणकही गडबडलेला होता. त्याबद्दल ब्रिटनच्या महसूल खात्यानं यंत्रणा पुरवणाऱ्या ईडीएस कंपनीकडून २००५ मध्ये ७ कोटी पौंडांहून जास्त भरपाई कबूल करून घेतली. म्हणजे यंत्रणेत दोष होता हे कंपनीशी बोलताना खात्याला पटलेलं होतं. त्याच काळात त्याच यंत्रणेतून निघालेल्या रकमा घराघरातून परत मागणं चालू होतं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त डाचते. ज्याच्याकडे वकील आहेत त्यानं नुकसान वसूल केलं आणि जिच्याकडे नाहीत तिनं ते भरलं.

बरं, उपाय माहीत नव्हता असंही नाही. २००६-०७ पासून माफीची मर्यादा २,५०० वरून २५,००० पौंड केली, आणि जास्तीच्या रकमा घटल्या. मग सरकार बदललं, काटकसरीचे दिवस आले. २०११ मध्ये ती १०,००० झाली, २०१३ मध्ये ५,०००, २०१६ मध्ये पुन्हा २,५००. खड्डा कुठे आहे ते कळलं, बुजवला, आणि पैसे वाचवायला पुन्हा उकरला.

चुकीच्या रकमेइतकाच चुकीचा संशयही छळतो. २०१४ मध्ये दावे तपासण्याचं काम कॉन्सेंट्रिक्स या खासगी कंपनीला दिलं गेलं. ‘तुम्ही एकट्या राहत नाही, घरात पुरुष आहे’ असं म्हणून बायकांचे पैसे थांबवले गेले. एका तरुण आईचा जोडीदार म्हणून आर. एस. मॅकॉल हे नाव पुढे केलं. आर. एस. मॅकॉल ही वर्तमानपत्रं आणि किरकोळ सामान विकणाऱ्या दुकानांची साखळी होती. आपण दुकानाशी लग्न केलेलं नाही, हे त्या मुलीनं सिद्ध करायचं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये हा करार पुढे वाढवणार नसल्याचं खात्यानं जाहीर केलं. तोवर कित्येक घरांनी उसनवारीवर दिवस काढले होते.

आता कायद्याचं सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. वसुलीच्या पत्राला उत्तर द्यायचे दोन रस्ते होते, आणि लोक हमखास चुकीच्या रस्त्याला लागत. रक्कमच चुकली आहे असं म्हणायचं असेल तर ३० दिवसांत फेरविचार मागायचा. तो फेटाळला तर न्यायाधिकरणाकडे अपील. पण ‘रक्कम बरोबर असेल, चूक मात्र तुमची आहे, माझ्याकडून वसूल करू नका’ असं म्हणायचं असेल तर वेगळा अर्ज, टीसी ८४६, तीन महिन्यांच्या आत. आणि या दुसऱ्या निकालावर न्यायाधिकरणात अपील नाही. चूक कुणाची हे ठरवणारं खातं आणि पैसे मागणारं खातं एकच. त्या निकालाविरुद्ध तक्रार करता येते, लोकपालापर्यंत जाता येतं, उच्च न्यायालयाचं दार ठोठावता येतं. शिफ्टमध्ये काम करून दोन पोरं सांभाळणारी बाई यातलं काय काय करणार? शिवाय नंतरच्या वर्षांत अर्जाचा विचार चालू असतानाही वसुली चालूच राहायची.

खात्याची स्वतःची एक नियमपुस्तिका होती, सीओपी २६. तिच्यात दोन्ही बाजूंची कर्तव्यं लिहिलेली. खात्यानं बरोबर माहिती द्यावी, कळवलेला बदल ३० दिवसांत नोंदवावा. बाईनं बदल वेळेत कळवावेत, आलेला कागद वाचून चूक दिसली तर महिन्याभरात सांगावी. तिनं आपलं केलं आणि खात्यानं केलं नाही, तर पैसे मागायचे नाहीत, असं पुस्तिकाच म्हणे. म्हणून सगळी लढाई पुराव्याची. फोन केला होता, त्याची तारीख कुठे? कुणाशी बोललात? ज्यांनी वहीत तारखा टिपल्या किंवा आपल्या फोनचं रेकॉर्डिंग खात्याकडून मागवलं, त्यांच्या हातात काहीतरी होतं. ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्या हाती काही नव्हतं.

लोकपाल अ‍ॅन अब्राहम यांनी २००५ आणि २००७ मध्ये टॅक्स क्रेडिटवर दोन अहवाल दिले. पहिल्यातच त्यांनी सांगितलं होतं की, सुरुवातीच्या दोन वर्षांत खात्याच्या चुकीनं गेलेले पैसे सोडून देण्याचा विचार करा. सरसकट माफी काही झाली नाही. वास्तविक ब्रिटनच्या जुन्या भत्त्यांच्या कायद्यात शहाणपणाची एक अट होती. भत्ता घेणाऱ्यानं काही लपवलं किंवा चुकीचं सांगितलं, तरच वसुली. टॅक्स क्रेडिटनं ती अट बाजूला ठेवली. आणि २०१२ च्या कायद्यानं टॅक्स क्रेडिटची जागा घेणारं युनिव्हर्सल क्रेडिट आलं तेव्हा चांगला नियम परत आणायच्या ऐवजी वाईट नियम आणखी कडक झाला. आता चूक संपूर्णपणे सरकारी कारकुनाची असली तरी रक्कम वसूल करता येते. सोडून द्यायची की नाही, ही त्यांची मर्जी. टॅक्स क्रेडिट गेलं, पण जाताना आपला सगळ्यात वाईट नियम मागे ठेवून गेलं.

महाराष्ट्रातून कामाच्या व्हिसावर तिकडे गेलेल्यांना हे क्रेडिट सहसा मिळत नसे, कारण व्हिसावरच सरकारी मदतीला मनाई असते. कायमचं राहण्याची परवानगी किंवा नागरिकत्व मिळालेल्या घरांना ते मिळे, आणि वसुलीच्या पत्रांची तपकिरी पाकिटंही त्यांच्याच दारात पडत. पण हा विषय साता समुद्रापलीकडचा मानू नका. २०२० च्या सुमारास आपल्याकडे तहसील कार्यालयांतून पीएम-किसानच्या वसुलीच्या नोटिसा निघाल्या त्या आठवा. आयकर भरणारे अपात्र आहेत हा नियम पहिल्यापासून होता, आयकर कोण भरतो हे सरकारला पहिल्यापासून माहीत होतं, तरी दोन-दोन हजारांचे हप्ते खात्यात जमा होत गेले. पडताळणी नंतर झाली, नोटीस शेतकऱ्याला आली. ज्यांनी जाणूनबुजून खोटं लिहून दिलं त्यांच्याकडून जरूर घ्या. पण ज्याचं नाव यादीत दुसऱ्याच कुणी भरलं, त्याला आणि लबाडाला एकच नोटीस कशी?

माझं मागणं फार नाही. वसुलीचं पत्र निघण्याआधी चूक कुणाची हे ठरावं, आणि ते पैसे मागणाऱ्या खात्यानं न ठरवता बाहेरच्या कुणीतरी ठरवावं. सरकारची चूक निघाली तर सरकारनं ती गिळावी. एवढ्यानं खजिना रिकामा होत नाही. घर मात्र होतं.

३० एप्रिल २०२५ पासून युनिव्हर्सल क्रेडिटमधल्या कपातीची कमाल मर्यादा मूळ रकमेच्या २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं थोडा श्वास मिळतो, आणि तो मिळायलाच हवा होता. बाकी तेवढीच राहते, फेडण्याची वर्षं वाढतात. २००९ मध्ये पाच वर्षांच्या ज्या लेकरासाठी ते क्रेडिट आलं, ते लेकरू आता स्वतः कमावतं झालं. आईचा हप्ता अजून चालू आहे.