अर्ध्या तासाचं तारुण्य

कलपाच्या पुड्यावर तीस मिनिटं लिहिलेली असतात. ती कुणाच्या डोक्यावर आणि कुठल्या गावात मोजली, ते लिहिलेलं नसतं. पुण्यातल्या डिसेंबरात माझी कानशिलं अर्ध्या तासात नुसती मातकट होतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की पुष्कळ अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. बी.एस्सी.तलं हे एकच वाक्य मी संसारात वापरलंय. डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून गच्चीत उन्हाला बसतो. शेजारीण कपडे वाळत घालायला आली की पिशवीसकट सूर्यनमस्कार सुरू करतो.

कालवलेला कलप वाटीतच काळा पडू लागतो. उरलेला फ्रीजमध्ये ठेवला तर वेग मंदावतो, थांबत नाही. बायकोचं तोंड तर मुळीच थांबत नाही.

पण सोबतच्या बाटलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड! हा विषय निघाला की आमचे पाहुणे चपला शोधू लागतात. उजेडात त्याचं पाणी आणि ऑक्सिजन व्हायला लागतं, म्हणून बाटली अपारदर्शक. एरवी हे काम रमतगमत चालतं, पण थेंबभर चिरलेल्या बटाट्यावर टाका, फसफसून फेस येतो. बटाट्यातलं कॅटालेज नावाचं विकर सेकंदाला लाखो रेणू फोडतं आणि स्वतः जसंच्या तसं राहतं. ते आपल्याही अंगात असतं. मात्र केसांच्या मुळाशी ते वयाबरोबर घटतं, पेरॉक्साइड साचतं आणि रंग तयार होणंच बिघडतं, असं संशोधकांनी २००९ मध्ये मांडलं. म्हणजे ज्यानं केस पिकवले, तेच विकत आणून मी ते काळे करतो. आणि बटाट्याकडे आहे ते माझ्या टाळूत पुरेसं नाही! उपासाची भाजी मी हल्ली जरा रागानंच चावतो.

मानेमागे कलप बायको लावून देते, हातमोजे घालून. तिनं स्वतःचा सोडला. एकदा कपाळ सुजलं, डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, कलपातल्या पीपीडीची ॲलर्जी. अंगानं एकदा डूख धरला की पुढच्या खेपेला ते लवकर उसळतं. परवा भाजीवाली एका दमात तिला ‘आजी’ आणि मला ‘दादा’ म्हणाली. क्षणभर मी सुखावलो. मग बायकोनं पदर डोक्यावरून घेतलेला दिसला, आणि मी कोथिंबीर तिथेच टाकून तरातरा निघालो.

“अहो, पैसे दिलेत की तिचे!”

कलप लावणाऱ्यांना एक विनंती. ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहा. पुड्यावर हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. चष्मा लावून वाचा.